स्टार्टरची दोरी का तुटते?

पेट्रोलचे छोटे इंजिन आपणहून सुरू होत नाही. हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये यायला हवे, ते दाबले जायला हवे आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. या तिन्हींसाठी इंजिन आधीच फिरत असावे लागते. मोटारसायकलला पहिले फेरे द्यायला बॅटरी असते, नाहीतर किक. कोकणात आंबा-काजूच्या बागांच्या बेणणीला खांद्यावर अडकवून नेतात त्या पेट्रोलच्या ग्रास कटरला सहसा यातले काहीच नसते. तिथे माणसाचा हात, मीटरभर दोरी आणि एक गुंडाळलेली स्प्रिंग एवढ्यांवर सगळे भागते.

या मीटरभर दोरीचा हिशेब करून बघावा. ती ज्या पुलीवर गुंडाळलेली असते तिचा व्यास ६ सेंटीमीटर धरला, तर परीघ होतो सुमारे १९ सेंटीमीटर. हात ८० सेंटीमीटर मागे आला की पुलीचे चार फेरे होतात. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा मिश्रण दाबले जाते, म्हणजे एका ओढीत इंजिनाला पेट घ्यायच्या चार संधी. फोर-स्ट्रोकला दोनच. ही ओढ अर्ध्या सेकंदात झाली, तर वेग पडतो मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांचा.

या वेगावरच ठिणगी अवलंबून असते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या कडेला चुंबक बसवलेला असतो आणि तो अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावरून इग्निशन कॉइलसमोरून जातो. चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले. बदल जितका झपाट्याने, तितका विजेचा दाब अधिक. दोरी हळू ओढली तर प्लगच्या टोकाशी ठिणगी पडतच नाही, किंवा पडली तरी मिणमिणती. त्यात आणखी एक धोका आहे. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या जरा आधी पडते. वेग अपुरा असेल, तर पेटलेले मिश्रण पिस्टनला उलटे ढकलते आणि दोरी हाताला जोरदार हिसका देते. म्हणून दोरी कधीही मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये. आधी सावकाश ओढून दाब जाणवेपर्यंत यावे, दोरी तशीच आत जाऊ द्यावी आणि मग एकाच सलग, जोरकस ओढीत काम करावे.

जुन्या पेट्रोल-रॉकेल इंजिनांना नुसती खाच असलेली पुली असे. दोरीची गाठ खाचेत अडकवायची, दोरी हाताने गुंडाळायची, ओढायची आणि ती सुटून हातात यायची. इंजिन लागले नाही की पुन्हा पहिल्यापासून. आजच्या स्टार्टरमध्ये परत गुंडाळायचे काम पुलीखालची चपटी स्प्रिंग करते, किल्लीच्या घड्याळात असते तशी. दोरी ओढताना ती आवळली जाते आणि सोडल्यावर पुलीला उलटी फिरवते. पण इंजिन लागल्यावर हजारो फेऱ्यांनी फिरू लागते, तेव्हा पुली त्याच्यापासून सुटायला हवी. त्यासाठी बऱ्याच ग्रास कटरमध्ये फ्लायव्हीलवर छोटे खटके असतात. इंजिन थांबलेले असताना हलक्या स्प्रिंगच्या जोरावर ते पुलीच्या दात्यांत अडकतात. वेग वाढला की बाहेर फेकले जातात आणि पुली मोकळी होते. हा सगळा भाग मला या यंत्रातला सर्वात देखणा वाटतो. विजेचा एक थेंबही न वापरता तो वेग ओळखतो.

आता दोरी. ती बहुतेक वेळा एकाच जागी झिजते, आवरणातून बाहेर पडते त्या भोकाशी. दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली की भोकाची कड प्रत्येक वेळी तिचे सूत कापते. मूठ हातातून एकदम सोडून दिली की गाठीला आणि स्प्रिंगलाही धक्का बसतो. पण माझे ठाम मत असे की तुटलेल्या दोरीचा खरा गुन्हेगार अनेकदा स्टार्टरमध्ये नसतोच. यंत्र महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात पडलेले असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. कार्बुरेटरमध्ये चिकट थर बसतो, प्लग काजळलेला असतो. मग यंत्र लागत नाही म्हणून माणूस वीस-पंचवीस वेळा दोरी ओढतो, चिडून आणखी जोरात ओढतो आणि दोरी तुटते. नवी दोरी घातली तरी मूळ दुखणे तसेच राहते. चांगले इंजिन काही ओढींत लागायला हवे. लागत नसेल तर थांबून आधी पेट्रोल, प्लग आणि एअर फिल्टर बघावेत.

दोरी बदलणे घरी जमण्यासारखे आहे. सर्वांत आधी प्लगची टोपी काढावी. आवरणाचे तीन-चार स्क्रू काढले की स्टार्टर अखंड बाहेर येतो. दोरी शाबूत असेल, तर स्प्रिंगचा ताण पुली हाताने धरून हळूहळू उतरवावा. स्प्रिंग तिच्या डबीतून बाहेर काढू नये. ती उसळली तर डोळ्याला इजा करते, म्हणून चष्मा लावलेला बरा. नवी दोरी जुन्याच जाडीची हवी. छोट्या ग्रास कटरला साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर. जाड दोरी पुलीत मावत नाही, आखूड दोरी पुरेसे फेरे देत नाही. कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी मात्र नको. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सियसला वितळते, नायलॉन २२० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर. घर्षणाच्या उष्णतेत हा फरक कामी येतो. कापलेले टोक काडीच्या ज्योतीवर धरून घट्ट करावे, म्हणजे सूत सुटत नाही.

ताण भरताना पुलीच्या खाचेतून दोरीचा एक वेढा बाहेर ठेवावा आणि त्याने पुली ओढीच्या दिशेने काही फेरे फिरवावी. किती, ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यानंतरच्या दोन परीक्षा मोलाच्या आहेत. दोरी सोडल्यावर मूठ आवरणाला टेकून घट्ट बसली पाहिजे. ती लोंबत राहिली तर आणखी एक फेरा हवा. आणि दोरी पूर्ण बाहेर ओढलेली असताना पुली किमान अर्धा फेरा पुढे फिरली पाहिजे. फिरत नसेल तर ताण जास्त झाला आहे आणि स्प्रिंग तुटणार. एक फेरा कमी करावा.

आवरण बसवण्याआधी त्याच्या जाळीत अडकलेले गवत ब्रशने झाडून काढा. इंजिन थंड ठेवणारी हवा त्याच जाळीतून आत जाते. आणि बेणणी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी प्लगची टोपी काढून दोरी हळूच पूर्ण बाहेर ओढून बघा. भोकाजवळ सूत सुटलेले दिसले, तर ती तुटायची वाट न बघता त्याच दिवशी बदला.