तटस्थ कोणाला म्हणावे?

समजा, एका बैलावरून गावात दोघांचे भांडण लागले. पंचांनी ठरवले, निकाल होईपर्यंत बैल तिसऱ्याच्या गोठ्यात बांधायचा. आता त्या तिसऱ्याने हातावर हात ठेवून बसून चालेल काय? वैरण-पाणी करा, रात्री राखण करा. वर दोघेही म्हणणार, "हा त्यालाच सामील आहे!"

तट म्हणजे नदीचा काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पण कोणी बुडू लागले, तर दोर काठावरच्यानेच टाकायचा असतो, असे आम्ही समजतो.

आपल्या देशाने असे काम केले आहे. १९५० च्या जूनमध्ये उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर स्वारी केली. दक्षिणेच्या मदतीला अमेरिका व इतर देश धावले, पुढे उत्तरेच्या मदतीला चीन आला. भारताने लढायला फौज दिली नाही. जखमींसाठी डॉक्टरांचे पथक धाडले. पण भारत मुकाही राहिला नाही. स्वारी झाली तेव्हा 'हे चूक' म्हणाला. मग दक्षिणेकडच्या फौजा उत्तरेत शिरू लागल्या, तेव्हा 'हेही नको' म्हणून बजावले.

२७ जुलै १९५३ ला लढाई थांबली. पण कैद्यांचे काय? दक्षिणेच्या बाजूने पकडलेले सुमारे २२,६०० कैदी म्हणत, 'आम्ही परत जाणार नाही.' उत्तरेकडेही असे ३५९ होते. पाच तटस्थ देशांची समिती नेमली गेली. अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. राखण भारतीय जवानांची. त्यांचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आपले मराठी गडी.

दक्षिण कोरियाच्या सरकारने जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांना हेलिकॉप्टरने छावणीत न्यावे लागले. एकदा कैद्यांनी आपला अधिकारी धरून ठेवला. थोरात स्वतः आत गेले आणि बोलून त्याला सोडवून घेऊन आले. पुढे गोळीबारही करावा लागला. काही कैदी मेले. काम असे कठीण होते.

बैलाला कोणी विचारीत नाही, 'तुला कुठे जायचे?' कैदी माणसे होती. त्यांना विचारणे भाग होते. ८८ जणांना कोणतीच बाजू नको होती. १९५४ साली ते भारतात आले.

दोन्ही बाजूंनी भारताला बोल लावले. तटस्थाच्या वाट्याला ते येतातच. ते सोसून बैल उपाशी न ठेवणे, ही खरी तटस्थता.