छोटी होडी, मोठा हिशेब

धरणाच्या पाण्यावर छोटी होडी टाकून धंदा करावा काय, आणि करायचा तर सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न जलाशयांच्या काठी राहणारे आपले बांधव नेहमी विचारतात. हा प्रश्न फक्त मासेमाराचा नाही. होडी बांधणारा सुतार, पत्रा जोडणारा वेल्डर, इंजिन बघणारा मिस्त्री, जाळी विणणाऱ्या घरच्या बायका, बर्फवाला, टेम्पोवाला आणि बाजारातला मासळीचा व्यापारी या सर्वांची रोजी एका होडीत गुंतलेली असते. म्हणून या खेपेस आम्ही हा विषय घेतला आहे. होडी कशी सजवावी हे तर सांगणारच आहोत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोणाच्या पैशावर आणि कोणत्या शर्तीवर उभी राहते, हेही पाहणार आहोत. अनेकांचा धंदा पाण्यात बुडत नाही, तो उचलीत बुडतो.

उदाहरणासाठी उजनी घेऊ. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असली तरी फुगवटा करमाळा, इंदापूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत पसरतो. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. चिलापी, कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम, शिंगटा अशी मासळी येथे मिळते आणि भिगवण, इंदापूरच्या बाजारात तिचा लिलाव होतो.

आधी परवानगी, मग लाकूड

पुष्कळजण आधी होडी बांधतात आणि नंतर विचारतात की मासे कोठे धरावेत. हे उलटे आहे. जलाशयाचे पाणी सरकारचे असते. मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो, काही ठिकाणी परवाना घ्यावा लागतो. तेव्हा प्रथम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आपल्या पाण्याची पद्धत समजून घ्यावी. पिढ्यान्‌पिढ्या भोई आणि इतर मच्छीमार समाजांचे पोट या पाण्यावर चालते. त्यांना डावलून नव्हे, त्यांच्याशी भागीदारीने धंदा करणे हेच न्यायाचे आणि टिकणारेही.

होडीला इंजिन लावायचे असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यामुळे नोंदणी आणि तपासणीचा प्रश्न येतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन हा नवा आला आहे. इंजिनाचे पैसे मोजण्यापूर्वी याची चौकशी करावी.

होडी पाणी पाहून घ्यावी

उजनीचे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर ते काठोकाठ असते आणि उन्हाळ्यात पार मागे सरते. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण मृतसाठ्यात खोल गेले होते. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, तशाच बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडे पृष्ठभागाजवळ येतात. यातून दोन गोष्टी ठरतात. एक, होडी दोघा-तिघांना चिखलातून ओढता येईल इतकी हलकी हवी. दुसरी, तिचा तळ उथळ आणि रुंद हवा, म्हणजे ती खोडांवर अडकणार नाही आणि जाळे ओढताना एका बाजूला कलंडणार नाही.

दोन माणसांच्या कामाला १६ फुटांची होडी पुरते. लाकडी होडी गावच्या सुताराला बांधता आणि दुरुस्त करता येते. बरगड्यांना बाभूळ चांगली चालते. सांध्यांत कापूस आणि राळ भरण्याचे काम दरवर्षी उन्हाळ्यात न चुकता करावे लागते. पत्र्याची होडी वेल्डर लवकर तयार करतो, पण रंग उडाला की गंज धरते. फायबरची होडी हलकी, तिला डागडुजी कमी. मात्र तडा गेला तर तो ओला असताना बुजवता येत नाही, आधी पूर्ण वाळवावा लागतो. ज्या कारागिराला फायबरचे काम येते त्याला दुरुस्तीचाच वेगळा धंदा मिळू शकतो.

थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा टायरच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारे आजही दिसतात. गरिबीपुढे इलाज नसतो हे खरे, पण वारा सुटला की त्यावर जिवाची हमी नाही.

इंजिनाचा मोह

होडीच्या खर्चात सर्वांत मोठी चूक इंजिनात होते. पाणी कापत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने ठरतो. १६ फुटांची अशी होडी ताशी सुमारे १० किलोमीटरच्या पुढे सहज जात नाही. त्यापुढे जास्त अश्वशक्ती लावली तर लाटा उठतात, पेट्रोल जळते, वेग मात्र फारसा वाढत नाही. जाळी काठाजवळ लागत असतील तर वल्ही पुरेत. लांब जायचे असेल तर लहान इंजिन बस्स आहे.

इंजिन अडकवण्याची मागची फळी हे सुताराच्या कौशल्याचे काम आहे. आखूड दांड्याचे इंजिन १५ इंच उंचीच्या फळीसाठी असते, लांब दांड्याचे २० इंचाच्या. माप चुकले तर पंखा हवा ओढतो किंवा फार खोल जाऊन खोडांवर आदळतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. इंजिनाला स्वतंत्र दोर बांधून ठेवावा, स्क्रू सैल होऊन इंजिन पाण्यात जाण्याचे प्रकार घडतात. इंजिन बंद करणारी छोटी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असावी. तो पाण्यात पडला तर होडी त्याच्या अंगावरून फिरू नये.

जाळे आणि गळ

उभे लावायचे तंगुसाचे जाळे हे या होडीचे मुख्य हत्यार. नवख्यांनी एक लक्षात ठेवावे. विकत घेतलेले जाळे पूर्ण ताणून दोराला बांधत नाहीत. १०० मीटर ताणलेल्या जाळ्याला साधारण ५० मीटर दोर देतात, तेव्हाच आस नीट उघडा राहतो आणि मासा अडकतो. खरेदीचा हिशेब याप्रमाणे करावा. जाळ्याचा आस असा घ्यावा की बोटभर पिल्लू त्यातून निसटेल. बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी पिल्ले ओरबाडली गेली तर पुढच्या वर्षी बाजारात काय येणार? पिल्ले विकत घेणारा व्यापारीही यात तितकाच दोषी आहे.

जाळ्याशिवाय दुसरी एक पद्धत आहे. होडीमागे लांब दोरी सोडून तिच्या टोकाला चकाकते आमिष लावतात आणि होडी मंद चालवतात. इंग्रजीत हिला ट्रोलिंग म्हणतात. समुद्रात पिशवीसारखे मोठे जाळे ओढतात ते ट्रॉलिंग वेगळे, नावाच्या साम्याने घोटाळा करू नये. अमेरिकेतील मोठ्या गोड्या सरोवरांवर ट्रोलिंगसाठी होड्या भाड्याने देण्याचा धंदा चालतो. आपल्याकडे शिकारी मासा, म्हणजे मरळ किंवा शिवडा, या गळाला लागू शकतो. कटला, मृगळ लागणार नाहीत. म्हणून ही जोडकमाई समजावी, पोट तिच्यावर ठेवू नये.

तिची तयारी मात्र स्वस्तात होते. होडीची चाल माणसाच्या सावकाश चालण्याइतकी, ताशी तीन ते चार किलोमीटर लागते. ती वल्ह्यांनीही साधते. इंजिन इतके हळू चालत नसेल तर मागे दोराने बादली सोडून चाल कमी करतात. काठ्या अडकवण्यासाठी नळीचे दोन तुकडे वेल्डरकडून काठाला तिरपे बसवून घ्यावेत. दोन दोऱ्यांची लांबी वेगवेगळी ठेवावी आणि वळण मोठे घ्यावे, नाहीतर दोऱ्या एकमेकींत गुंततात.

बॅटरीवर चालणारी छोटी मोटर या कामाला शांत असते. परंतु १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी. मोटर २५ अँपिअर ओढत असेल तर दोन तास मिळतात. हा हिशेब न करता दूर गेलेल्याला वल्ही मारीत परतावे लागते. वल्ही नेहमी होडीतच असावीत.

जीव ही अमानत आहे

२१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या पाण्यात प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा वारा अचानक उठतो आणि मोकळ्या पाण्यावर लाटा उसळतात. दुपारपूर्वी काठाला येणे हा नियमच करावा.

प्रत्येक माणसामागे एक जाकीट, आणि ते अंगावर. पेटीत ठेवलेले जाकीट कामाचे नाही. फळ्यांखाली घट्ट झाकणाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन बांधावेत. ३५ लिटरचा एक कॅन सुमारे ३३ किलो वजन तरंगत ठेवतो. असे चार-पाच कॅन असले तर पाणी भरलेली होडीही तळाला जात नाही आणि धरायला आधार राहतो. याचा खर्च एका जाळ्याइतकाही नाही. मजुराला जाकिटाशिवाय पाण्यात पाठवणारा मालक त्याच्या बायकामुलांना काय जबाब देणार, आणि अल्लाहपुढे काय देणार?

मासा वर काढल्यापासून बाजारात जाईपर्यंतची काळजीही कमाईच आहे. उष्ण हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण ठेवावे. थर्माकोल लावलेली पेटी सुतार सहज करून देतो.

उचलीचा हिशेब

आता मूळ मुद्दा. होडीसाठी पैसे नसले की मासेमार व्यापाऱ्याकडे जातो. व्यापारी उचल देतो, व्याजाचे नावही काढत नाही. शर्त एवढीच की मासळी त्यालाच द्यायची, आणि भाव बाजारापेक्षा कमी. हिशेबापुरते समजा, उचल ६० हजार रुपये, भाव किलोमागे १० रुपयांनी कमी. दिवसाला १५ किलो, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे ३,००० किलो. मासेमाराच्या हातून वर्षाला ३० हजार रुपये गेले. दोन वर्षांत ६० हजार गेले आणि उचल जशीच्या तशी उभी!

हे व्याज नव्हे तर काय? कर्जाच्या जोरावर धनकोने फायदा उकळणे शरीअतला मान्य नाही. पाण्यातला, हाती न आलेला मासा विकण्यालाही फुकहांनी अनिश्चिततेचा सौदा म्हणून मनाई केली आहे. उचल देणाऱ्यांत आपल्यातलेही व्यापारी आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहावे लागते.

मार्ग नाही असे नाही. होडी दोघांच्या मालकीची करावी. ६० हजारांचे ५ हजारांप्रमाणे १२ हिस्से पाडावेत. सुरुवातीला सर्व हिस्से व्यापाऱ्याचे. तो प्रत्येक हिश्शाचे महिन्याला, समजा, ५० रुपये भाडे घेईल. मासेमार दर दोन महिन्यांच्या शेवटी एक हिस्सा विकत घेईल, तसे भाडे कमी होत जाईल. दोन वर्षांत भाड्याचे ७,८०० रुपये होतात. एकूण ६७,८०० रुपयांत होडी त्याची झाली, आणि मासळी सर्व काळ बाजारभावाने विकली गेली. व्यापाऱ्याला भाडे मिळाले, ओळखीचा माल मिळाला. मात्र तो मालक असेपर्यंत होडी फुटली तर आपल्या हिश्शाचे नुकसान त्याने सोसले पाहिजे. धोका न घेता नफा घेणे हीच तर व्याजाची खूण आहे.

होडी एकाची, मेहनत दुसऱ्याची आणि मासा निम्मा-निम्मा, ही प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्या वैधतेबाबत फिकहच्या मसलकांत मतभेद आहेत. ठरावीक भाडे घेणे हा निर्वेध मार्ग. भाडे आणि हिस्सेविक्री यांचे करार वेगवेगळे लिहावेत आणि सही करण्यापूर्वी स्थानिक आलिमांना दाखवावेत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. भाऊबंदकीत लिहायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांचीच भांडणे पुढे जमातीपुढे येतात.

सरकारी मदतीचीही चौकशी करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. सध्या काय चालू आहे ते मत्स्यव्यवसाय कार्यालयातच विचारावे. अर्जाला व्याजी कर्ज जोडलेले आहे काय, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.

गावोगावच्या बैतुलमालकडे आणि कर्ज-ए-हसना देणाऱ्या मंडळांकडे आमची एक विनंती आहे. लग्नाला, आजारपणाला आपण मदत देतो, ती द्यावीच. पण वर्षातून एका तरी गरजू बांधवाची होडी उचलीतून सोडवावी. त्या एका होडीमागे सुतार, वेल्डर, जाळीवाली आणि मजूर यांची चार-पाच घरे चालतात. तो पैसा परतही येईल आणि दुसऱ्याच्या कामी लागेल. अल्लाह त्यात बरकत देवो.