काचेतली हवा

महाडच्या पुढे खडीच्या डंपरमागे होतो. टिच्चकन आवाज झाला आणि समोरच्या काचेवर तुरीच्या दाण्याएवढा टवका उडाला. त्यातून केसासारखे तीन-चार तडे फुटले होते. ‘बघू नंतर’ म्हणून तसाच पुढे गेलो. चौथ्या दिवशी उन्हात तापलेल्या गाडीत बसून एसी सोडला आणि एक तडा डोळ्यांदेखत सरकत कडेला जाऊन भिडला. काच बदलावी लागली.

समोरची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर असतो. खडा सहसा बाहेरचीच काच फोडतो. मधला थर तुकडे धरून ठेवतो, म्हणून ते अंगावर येत नाहीत. पण तडा का पळतो? पत्रा ताणला की तुटण्याआधी लांबतो. काचेला ती सोय नाही. सगळा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये याचं गणित मांडलं: तडा जितका लांब, तितका तो वाढायला लागणारा ताण कमी. एसीच्या झोताने काचेचा एक भाग आकसू पाहतो, कडेचा तापलेला भाग त्याला आकसू देत नाही. एवढी ओढाताण पुरते. पाणी तर थेट घात करतं; टोकाशी पोहोचलेले त्याचे रेणू सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधले ताणलेले बंध तोडत जातात.

मग दुरुस्ती कशाची करायची? आतल्या हवेची. कारागीर टवक्यावर इंजेक्टर बसवतो, पोकळीतली हवा खेचून घेतो आणि पातळ रेझिन दाबाने आत सोडतो. अतिनील दिव्याखाली ते घट्ट होऊन दोन्ही कडा बांधून टाकतं. डागही फिका पडतो, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.52, हवेचा 1. या फरकामुळेच तडा चमकतो. रेझिनचा अंक काचेच्या जवळपास असतो, त्यामुळे प्रकाशाला मधली फट जाणवतच नाही. दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पाणी शिंपडल्यावर पलीकडचं दिसू लागतं, ते याच न्यायाने.

मात्र पोकळीत धूळ-पाणी शिरलं की रेझिन नीट चिकटत नाही. पुढच्या वेळी खडा लागला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि आधी टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी कारागिराने ती सोलली तेव्हा खळगा कोरडा होता. रेझिन आत शिरताना काळसर तडे एकेक करून पुसट होत गेले. उरला तो टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका.