परसातलं तण उपटण्याआधी

पाऊस लागला की पंधरा दिवसांत घरामागचा परस ओळखू येत नाही. दिवसभर कामावर राबून आलेल्या बाईला तिकडे बघायची सवड नसते. मग एखाद्या रविवारी कोणीतरी फवाऱ्याचा पंप आणतो, तणनाशक मारतो आणि दोन-चार दिवसांत सगळं पिवळं पडतं. आमचं म्हणणं इतकंच की पंप आणण्याआधी एकदा खाली बसून बघा. चार दिवसांची भाजी तिथे उभी असते.

हिमोग्लोबिन तपासायला आम्ही वस्त्यांमध्ये जातो. बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, गरोदरपणी ही रेषा ११ वर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आम्ही 'पालेभाजी खा' असं सांगतो. ऐन पावसाळ्यात बाजारातली जुडी परवडत नाही, हे त्या आम्हाला सांगतात. आणि त्याच घरामागे तरोटा गुडघ्याएवढा वाढलेला असतो!

तरोट्याला काही भागांत टाकळा म्हणतात. पहिल्या पावसानंतरचा कोवळा पाला लसूण-मिरचीवर परतावा, हवी तर भिजवलेली डाळ घालावी. पुढे तो कडसर होतो. घोळ जमिनीसरपट पसरते, पानं जाड, देठ लालसर, चव आंबूस. कुर्डूची पानं फुलोरा यायच्या आधी खुडायची. निळ्या फुलांच्या केन्याची भजी मुलं मागून खातात. काटेमाठाचे काटे पाहून बाया तो फेकतात, पण त्याचे कोवळे शेंडे तांदुळजासारखेच शिजतात. आंबुशीची तीन पानं चटणीत पुरेत, तिची भाजी करू नये.

ही नावं आमच्या आज्यांना पाठ होती. पुढच्या पिढीने ती विसरण्यात लाजेचाही वाटा आहे. रानची भाजी म्हणजे गरिबीचं, दुष्काळाचं खाणं, पाहुण्यांसमोर वाढायचं नाही, हे आपल्या घरांत फार खोल गेलेलं आहे. आता तीच भाजी शहरातल्या रानभाजी महोत्सवात जास्त दाम देऊन विकली जाते. हसावं की रागवावं, कळत नाही.

ओळख मात्र पक्की हवी. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, पान टोकाला गोल असतं आणि संध्याकाळी मिटतं. त्याचाच भाऊबंद कासविंदा. त्याची पानं टोकदार असतात आणि जोड्या बहुधा चार-पाच असतात. त्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत, विष यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर गेलं होतं. कासविंद्याच्या शेंगा मुलांच्या खेळात येऊ देऊ नका, धोतऱ्याच्याही नाही. घोळ खुडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुधी आहे. शंका असेल तर ते झाड खाऊ नये, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला आधी दाखवावं.

भाजीतलं लोह शरीर सहज घेत नाही. ताटात लिंबू पिळलं की ते जास्त मुरतं. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी होतं, म्हणून चहा तासाभराने घ्या. लोखंडी कढई असेल तर उत्तम. थोडं तेल हवंच, त्याशिवाय पानातलं अ जीवनसत्त्व नीट लागत नाही. पण भाजी सुरू केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. गरोदरपणात लोहाच्या १८० गोळ्या मिळतात, त्या पूर्ण घ्यायच्या. भाजीने तेवढी तूट भरत नाही. मुतखडा झालेल्यांनी घोळ, माठ, आंबुशी जपून खावी, उकळून पाणी फेकलं तर खड्याला कारण होणारं ऑक्झलेट कमी होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नालीकाठचा, उकिरड्याजवळचा, फवारणी झालेला पाला कितीही हिरवागार दिसला तरी घेऊ नका. गाजरगवत दिसलं तर फुलं यायच्या आत, हात झाकून, मुळासकट काढा. त्याने अंगाला खाज सुटते, दमाही उठतो. दाट गवतात शिरताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, नंतर आंघोळ करा. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. हा आजार गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. परसात काम केल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी काळी खपली दिसली तर दवाखान्यात जा आणि गवतात काम केल्याचं स्वतःहून सांगा. वेळेवर औषध मिळालं तर हा ताप लवकर उतरतो.

सगळा परस मोकळा करू नका. तरोट्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, मुलांना त्या दाखवा. कोपऱ्यातली कुर्डूची दोन-तीन झाडं तशीच राहू द्या. भाद्रपदाच्या सुमारास त्यांना गुलाबी-पांढरे तुरे येतील, आणि त्यांचं बी तिथेच पडेल.