फिल्म धुताना उद्भवणारे दोष व त्यांची कारणे

छायाचित्र कॅमेऱ्यातच पूर्ण होते ही समजूत अर्धीच खरी आहे. कृष्णधवल फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या रौप्यक्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. क्षणार्धाच्या प्रकाशाने या कणांत घडणारा बदल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यास 'सुप्त प्रतिमा' असे म्हणतात. विकासक विद्रावात, म्हणजेच डेव्हलपरमध्ये, प्रकाश लागलेल्या कणांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर होते आणि प्रतिमा दृश्य होते. उरलेले रौप्यक्षार हायपो विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुणधर्म जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली नोंदविला होता. शेवटी फिल्म पाण्याने धुऊन वाळविली जाते.

पूर्ण काळोखात फिल्म टाकीत भरल्यावर पुढील कृती घरातील उजेडातही करता येतात. परंतु टिपलेला प्रसंग पुन्हा घडत नाही आणि बिघडलेली फिल्म बहुधा सुधारत नाही. म्हणून दोष कोणत्या पायरीवर उद्भवला हे ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

कडेवरील अक्षरांची साक्ष

बहुतेक फिल्मच्या कडेवर कारखान्यातच प्रकाशाच्या साहाय्याने अंक व अक्षरे उमटविलेली असतात. कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. विकासकाने मात्र ती काळी होतात. म्हणून निगेटिव्हची परीक्षा कडेपासून आरंभावी.

अक्षरे ठळक असून चित्रांच्या जागा पारदर्शक असतील, तर विकासकाचा दोष नाही. कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नसावी किंवा झडप उघडली नसावी. अक्षरे ठळक, पण चित्रातील सावल्यांचा तपशील नाहीसा झालेला, असे असल्यास छायाचित्र घेताना प्रकाश कमी पडला होता. अक्षरेही फिकट व चित्रेही फिकट असल्यास विकासन अपुरे झाले. अक्षरे मुळीच उमटली नसतील, तर विकासक निकामी होता किंवा चुकून हायपो आधी ओतला गेला. या शेवटच्या प्रमादाला इलाज नाही.

विकासकाविषयी शंका असल्यास फिल्मच्या टोकाचा छोटा तुकडा उजेडात त्यात बुडवावा. काही मिनिटांत तो गडद काळा झाला नाही, तर तो विद्राव वापरू नये.

तापमान

विकासनाचे प्रमाण तापमान सामान्यतः २० अंश सेल्सियस मानतात. आपल्या देशात उन्हाळ्यात नळाचे पाणी अनेक ठिकाणी ३० अंशांच्या वर जाते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगावते. २० अंशांना दहा मिनिटे लागत असतील, तर २४ अंशांना सुमारे सात मिनिटे पुरतात. वेळ न घटविल्यास चित्रातील उजळ भाग निगेटिव्हवर अतिशय दाट होतात. विकासनाचा काळ पाच मिनिटांहून कमी झाल्यास मात्र ते असमान होण्याचा संभव असतो. यास्तव विद्रावाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड करावी. बर्फ विद्रावात टाकू नये, कारण त्याने विद्राव पातळ होतो.

उलटपक्षी, फार थंड विद्रावात हायड्रोक्विनोन हे विकासक द्रव्य जवळजवळ निष्क्रिय होते. तसेच एका विद्रावातून दुसऱ्यात जाताना तापमान एकाएकी बदलल्यास फुगलेल्या जिलेटिनला बारीक जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून सर्व विद्राव व धुण्याचे पाणी शक्यतो एकाच तापमानाचे असावे.

ठिपके, पट्टे आणि डाग

निगेटिव्हवरील लहान, वाटोळे, पारदर्शक ठिपके हे बहुधा हवेच्या बुडबुड्यांचे काम असते. तेथे विकासक पोहोचलेलाच नसतो. विद्राव ओतताच टाकी ओट्यावर हलकेच आपटल्यास बुडबुडे सुटतात. टाकी मुळीच न हलविल्यास विकासन असमान होते, तर अतिशय जोराने हलविल्यास कडेच्या छिद्रांपासून पट्टे उमटतात. आरंभी काही सेकंद व नंतर दर मिनिटास सुमारे दहा सेकंद टाकी सावकाश उलटीसुलटी करणे हा मध्यम मार्ग होय. फिल्मचे वेढे एकमेकांस चिकटले असतील, तर तेथे मोठे अविकसित डाग राहतात.

हायपो आणि धुणे

फिल्म दुधाळ दिसत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. रौप्यक्षार पूर्ण विरघळलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. ती ताबडतोब ताज्या हायपोत पुन्हा ठेवावी. न वापरलेला तुकडा हायपोत स्वच्छ होण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या किमान दुप्पट वेळ फिल्म त्यात ठेवावी. हा वेळ ताज्या हायपोच्या दुप्पट झाला, की तो विद्राव टाकून द्यावा.

धुण्यातील हयगय त्या दिवशी दिसत नाही. मागे राहिलेला हायपो चांदीवर हळूहळू क्रिया करतो आणि कित्येक वर्षांनी चित्र पिवळे पडते. वाळल्यावर उमटणारे पांढरट डाग मात्र जड पाण्यातील क्षारांचे असतात. अखेरचे धुणे शुद्ध पाण्याने केल्यास ते टळतात.

प्रत्येक खेपेस विद्राव, तापमान व वेळ यांची नोंद वहीत ठेवावी, आणि दोष आढळल्यास पुढील खेपेस एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे समजत नाही.