भ्रमकारक मादक द्रव्ये आणि गर्भस्थ शिशू

मातेने भ्रमकारक मादक द्रव्य घेतले तर गर्भातील बाळावर कोणता परिणाम होतो? या प्रश्नाभोवती भीती आहे, तशीच बेफिकिरीही आहे. दोन्ही दूर ठेवून सत्य समजून घेणे हिताचे ठरेल.

एलएसडी हे या वर्गातील सर्वपरिचित द्रव्य. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी अर्गट बुरशीतील घटकांवर संशोधन करताना ते १९३८ साली तयार केले. १९६७ साली अमेरिकेतील मेमन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला की, एलएसडीमुळे रक्तपेशींतील गुणसूत्रे तुटतात. थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेली बालके लोकांच्या स्मरणात ताजी होती. साहजिकच घबराट पसरली.

१९७१ साली त्याच नियतकालिकात अनेक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. शुद्ध एलएसडीच्या मध्यम मात्रेने गुणसूत्रांची हानी होते किंवा जन्मजात व्यंग निर्माण होते, असा पुरावा त्यात आढळला नाही. मात्र नियंत्रित प्रयोगांना हरकत नाही असे सांगतानाही लेखकांनी गर्भावस्थेचा काळ आवर्जून वगळला होता.

त्यामागे कारणे आहेत. चोरून विकल्या जाणाऱ्या द्रव्यात नेमके काय आणि किती आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्यासोबत बहुधा मद्य, तंबाखू किंवा अन्य अमली पदार्थही घेतले जातात. मद्याने गर्भाच्या मेंदूला होणारी इजा तर सिद्ध झालेली आहे. बाळाचे मुख्य अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांत घडतात आणि त्यातील काही काळ मातेला दिवस गेल्याची जाणीवही नसते. ‘एक्स्टसी’ या द्रव्यासंबंधी ब्रिटनमधील अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गर्भात त्याचा अधिक संपर्क आलेल्या बालकांच्या शारीरिक हालचालींचा विकास चौथ्या महिन्यात मंदावलेला दिसला.

म्हणून गर्भवतीने अशा द्रव्यांपासून पूर्णतः दूर राहावे. अजाणतेपणी सेवन घडले असल्यास बाळ सदोषच जन्मणार असे मानून गर्भपाताचा विचार करू नये. डॉक्टरांना सर्व काही मोकळेपणाने सांगावे व तपासण्या नियमित कराव्यात. व्यसन सुटत नसेल, तर भारत सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या गुन्ह्यात संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे.

कुटुंबीयांनी दूषणे दिली तर ती माता सत्य लपवील, आणि त्याची झळ बाळालाच पोहोचेल. तिला धीर द्यावा, तिच्यासोबत दवाखान्यात जावे. माता आणि बालक, दोघांचेही जीवन मोलाचे आहे.