शौकीन का जमतो आणि का पांगतो?

कोणत्याही व्यावसायिक खेळाचा हिशेब मांडताना खेळाडूंचे मानधन, संयोजकांचा नफा आणि प्रक्षेपणाचे हक्क यांची तपशीलवार नोंद होते. प्रेक्षक मात्र या हिशेबात केवळ संख्येच्या रूपाने येतो. तो का आला, इतकी वर्षे का टिकला आणि एके दिवशी का उठून गेला, याची चिकित्सा क्वचितच होते. कुस्ती, मुष्टियुद्ध, जुजुत्सू, कराटे अशा अनेक विद्यांची सरमिसळ असलेल्या 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' या द्वंद्वप्रकाराच्या बाबतीत ही चिकित्सा विशेष उद्बोधक ठरते. कारण जेमतेम तीन दशकांच्या अवधीत या खेळाने शौकिनांची भरती आणि ओहोटी दोन्ही अनेकदा पाहिली आहेत.

या क्षेत्रातील सर्वांत बलाढ्य अमेरिकन संस्था म्हणजे 'यूएफसी'. २००१ मध्ये ती अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली. २०१६ मध्ये तिची किंमत सुमारे ४०० कोटी डॉलर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने 'पॅरामाउंट' कंपनीशी सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरचा प्रक्षेपण-करार केला. हे आकडे पाहून या खेळाची लोकप्रियता अखंड चढत गेली, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच काळात या खेळाचा जुना, जाणता शौकीन 'पूर्वीची गोडी राहिली नाही' अशी तक्रार करताना आढळतो. पैसा वाढतो आहे आणि गोडी आटते आहे, या विसंगतीचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुतूहल आणि जाणकारी

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा प्रेक्षकांना खेचून आणणारी गोष्ट होती ती म्हणजे एक साधा प्रश्न : निरनिराळ्या युद्धविद्यांचे आठ जाणकार एकमेकांपुढे उभे केले, तर कोणती विद्या श्रेष्ठ ठरेल? ब्राझीलच्या रॉयस ग्रेसी या सडपातळ तरुणाने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना नमवून या प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर दिले. जमिनीवर खेळल्या जाणाऱ्या जुजुत्सूपुढे दणकट शरीराचे काही चालत नाही, हे पाहून लोक थक्क झाले.

मात्र कुतूहल हे असे भांडवल आहे की ते वापरताच खर्च होते. उत्तर एकदा कळले की प्रश्नाची धार जाते. लवकरच प्रत्येक लढवय्या सर्वच विद्या शिकू लागला आणि 'विद्या विरुद्ध विद्या' हा मूळ सामनाच उरला नाही. दरम्यान सिनेटर जॉन मॅकेन यांनी या लढतींना 'माणसांच्या कोंबडझुंजी'ची उपमा देऊन त्यांवर बंदी घालण्याचा आग्रह धरला. अनेक राज्यांनी दारे बंद केली आणि केबल कंपन्यांनीही हात आखडता घेतला. वजनगट, ठराविक फेऱ्या, हातमोजे आणि निषिद्ध प्रहारांची यादी असलेली नियमावली न्यू जर्सी राज्याने २०००-०१ च्या सुमारास स्वीकारली, तेव्हा कुठे या खेळाला प्रतिष्ठेचा मार्ग सापडला.

कुतूहलाची जागा जाणकारीने घेतली तरच शौकीन टिकतो. जॉर्ज स्टिग्लर आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, संगीतासारख्या गोष्टींची आवड ही उपभोगातूनच वाढत जाणारी एक प्रकारची पुंजी असते. जितके ऐकावे तितके अधिक कळते आणि जितके कळते तितका आनंद वाढतो. द्वंद्वाच्या खेळांना हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. जमिनीवर एकमेकांना कवटाळून पडलेले दोन पुरुष नवख्याला निष्क्रिय वाटतात. जाणत्याला मात्र तिथे मनगट सोडवण्यासाठी, कंबर वळवण्यासाठी चाललेली बुद्धिबळासारखी झुंज दिसते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ढाक लागली की कलाजंग, हे ज्याला क्षणात उमगते, त्याची कुस्ती आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याची कुस्ती एक नसते.

यूएफसीचे भाग्य पालटले ते २००५ मध्ये, आणि तेही या जाणकारीच्या व परिचयाच्या जोरावर. होतकरू लढवय्यांना एका घरात ठेवून त्यांचा सराव, भांडणे आणि लढती दाखवणारी एक मालिका जानेवारीत केबलवर सुरू झाली. प्रत्येक लढतीसाठी निराळे पैसे मोजण्याची आवश्यकता तिच्यात नव्हती. एप्रिलमधील अंतिम सामन्यात फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर यांनी तीन फेऱ्या जी अटीतटीची झुंज दिली, ती पाहताना प्रेक्षकांना दोघांचीही नावे, स्वभाव आणि आकांक्षा ठाऊक होत्या. अनोळखी माणसांची मारामारी आणि परिचितांची झुंज यांतील फरक त्या रात्री अमेरिकेला कळला.

नायक आणि प्रतिनायक

यानंतरचा टप्पा नायकांचा. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, प्रक्षेपणाच्या साधनांमुळे एकाच कलावंताला अगणित प्रेक्षक मिळू शकतात आणि त्यामुळे गुणांतील थोडा फरकही उत्पन्नात प्रचंड तफावत निर्माण करतो. रोंडा राउझी आणि आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर ही याची ठळक उदाहरणे. ऑक्टोबर २०१८ मधील मॅकग्रेगर-खबीब नुरमागोमेदोव्ह लढतीसाठी सुमारे २४ लाख ग्राहकांनी पैसे मोजल्याचे जाहीर झाले होते.

परंतु नायकाच्या पाठोपाठ आलेला प्रेक्षक बहुधा नायकाचाच असतो, खेळाचा नसतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे ५६ हजारांहून अधिक लोकांसमोर राउझी पराभूत झाली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ती ४८ सेकंदांत हरली. मॅकग्रेगरचा पाय जुलै २०२१ मध्ये लढतीतच मोडला. कोणत्याही अन्य उद्योगात इतके मोठे उत्पन्न एका हाडावर वा एका ठोशावर अवलंबून ठेवणे अविचाराचे मानले जाईल.

शिवाय नायक एकटा पुरत नाही. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलेला विरोधाभास प्रसिद्ध आहे. साधारण उद्योजकाला प्रतिस्पर्धी नसणे हिताचे असते. मुष्टियोद्धा जो लुई याला मात्र मॅक्स श्मेलिंगची गरज होती. १९३६ मध्ये श्मेलिंगने लुईला हरवले म्हणूनच १९३८ ची त्यांची दुसरी लढत जगाने श्वास रोखून अनुभवली. द्वंद्वाच्या बाजारात विकली जाणारी वस्तू एक माणूस तयार करूच शकत नाही. ती दोघांनी मिळून निर्माण केलेली असते आणि तिचा गाभा म्हणजे निकालाची अनिश्चितता.

जपानचा धडा

विश्वास गेल्यावर काय होते, हे जपानने दाखवले. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो येथे सुरू झालेल्या 'प्राइड' या संस्थेने काही वर्षे अमेरिकेलाही मागे टाकले होते. १ मे २००० रोजी काझुशी साकुराबाने रॉयस ग्रेसीशी तब्बल ९० मिनिटे झुंज देऊन विजय मिळवला आणि तो राष्ट्राचा लाडका झाला. ३१ डिसेंबर २००३ च्या रात्री तर तीन वाहिन्यांवर तीन संस्थांच्या लढती एकाच वेळी दाखवल्या गेल्या. माजी सुमो-महाविजेता अकेबोनो आणि महाकाय बॉब सॅप यांच्या किकबॉक्सिंग लढतीने काही मिनिटे का होईना, सरकारी वाहिनीच्या परंपरागत संगीत-कार्यक्रमालाही प्रेक्षकसंख्येत मागे टाकले.

असा डोलारा कोसळायला किती अवधी लागावा? गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याचे आरोप साप्ताहिकातून प्रसिद्ध झाले आणि जून २००६ मध्ये फुजी वाहिनीने प्राइडचा करार तोडला. एप्रिल २००७ मध्ये तिचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि संस्था प्रतिस्पर्धी यूएफसीच्या मालकांकडे गेली. 'रिझिन' ही नवी संस्था २०१५ मध्ये उभी राहिली, तिलाही शौकीन मिळाले. पण नववर्षाच्या पूर्वसंध्येला तीन वाहिन्या व्यापणारे ते दिवस परतले नाहीत. ज्या समाजात 'नुरा कुस्ती' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, त्या आपल्या समाजाला याचे मर्म चटकन कळावे. आखाड्यातील हार शौकीन पचवतो. पडद्यामागील व्यवहाराची शंका त्याला पचत नाही.

मक्तेदारीचे फळ

आता आजच्या तक्रारीकडे वळू. २००५ मध्ये यूएफसीचे वर्षाकाठी सुमारे दहा कार्यक्रम होत. २०१४ मध्ये ते ४६ झाले आणि तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला लढती असतात. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम महाविद्यालयातील प्रथम वर्षाचा विद्यार्थीही येथे सांगेल. तथापि केवळ संख्येने वीट येत नाही. क्रिकेटही वर्षभर चालतेच. वीट येतो तो लढतीला अर्थ उरत नाही म्हणून. कोण कोणाशी लढणार, हे ठरवण्याचा अधिकार याच संस्थेकडे आणि पट्टा देण्याचा अधिकारही तिच्याचकडे. टॉम ॲस्पिनॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये अवजड गटाचा हंगामी विजेता झाला. मूळ विजेता जॉन जोन्स याच्याशी त्याची गाठ पडावी, असे शौकिनांना तळमळून वाटत होते. जून २०२५ मध्ये जोन्सची निवृत्ती जाहीर झाली आणि पट्टा न लढताच ॲस्पिनॉलकडे आला. ज्या अनिश्चिततेसाठी शौकीन पैसे मोजतो, तीच त्याला नाकारली गेली.

असे का होऊ शकते? पूर्वी प्रत्येक मोठ्या लढतीगणिक ग्राहकाला पटवावे लागे. २०१९ पासून ईएसपीएनशी झालेल्या करारांमुळे उत्पन्नाचा मोठा भाग आधीच निश्चित झाला. ग्राहकाला मोजावी लागणारी किंमत मात्र एका कार्यक्रमासाठी २०१९ मधील सुमारे ६० डॉलरवरून २०२३ मध्ये सुमारे ८० डॉलरवर गेली, आणि तीही सभासदत्वाच्या वर्गणीखेरीज. विक्रेत्याचे उत्पन्न ग्राहकाच्या समाधानापासून जितके दूर जाते, तितका माल सुमार होत जातो, हे मक्तेदारीचे जुने लक्षण आहे.

त्याची झळ लढवय्यांनाही बसते. फुटबॉल वा बास्केटबॉलच्या अमेरिकन संघटनांत उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. यूएफसीत तो सुमारे पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आले. २०१४ मध्ये लढवय्यांनी भरलेल्या मक्तेदारीविरोधी दाव्यात ३३.५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये अमान्य केली. नंतर ती ३७.५ कोटींवर मिटली. मेंदूवर आघात सोसणाऱ्या माणसाला तुटपुंजा मोबदला मिळतो, हे एकदा कळल्यावर पाहणाऱ्याच्या आनंदात अपराधाची भावना मिसळते. अनेक सुजाण शौकीन याच कारणाने दूर झाले असतील, तर त्यांना चंचल म्हणणे अन्यायाचे होईल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ७७० कोटींचा करार हाच लोकप्रियतेचा पुरावा नाही काय? तो पुरावा आहे. पण प्रक्षेपकांना थेट सामन्यांची चणचण आहे, याचाही तो पुरावा आहे. उलट याच करारातील एक कलम स्वागतार्ह आहे. २०२६ पासून अमेरिकेत लढतीगणिक निराळे पैसे मोजण्याची पद्धत संपली. दार स्वस्त झाले की नवे लोक आत येतात, हे २००५ ने दाखवले आहे. मात्र आलेल्यांना थोपवून धरायचे तर आत पाहण्याजोगे काही असावे लागते.

आपल्याकडील प्रत्यय

मुंबईत २०१२ मध्ये 'सुपर फाइट लीग' सुरू झाली, तेव्हा चित्रपटसृष्टीचे वलय आणि रोषणाई यांची कमतरता नव्हती. परंतु डावांची जाण असलेला, लढवय्यांना नावाने ओळखणारा टिकाऊ प्रेक्षकवर्ग त्यातून उभा राहिला नाही. पैशाने मंडप उभारता येतो. शौकीन घडवायला काळच लागतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने खासबाग मैदान १९१२ मध्ये सज्ज झाले आणि त्याभोवती पिढ्यान् पिढ्यांची जाणकारी साठत गेली. तीही अक्षय नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणामुळे एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले. २०२५ च्या आरंभी अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. दोन केसरी म्हणजे एकही नाही, असा निष्कर्ष सामान्य शौकिनाने काढला तर दोष कोणाचा?

शौकीन हा खेळाने आपोआप मिळवलेला हक्क नाही. ती त्याच्याजवळ ठेवलेली ठेव आहे. ती परत न्यायला ठेवीदाराला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेत मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा झाला. क्रमवारी व करार यांवर अंकुश ठेवणाऱ्या त्या कायद्याच्या कक्षेत मिश्र युद्धकलेचे लढवय्ये आणण्याचे विधेयक २०१६ मध्ये मांडले गेले, पण संमत झाले नाही. संयोजकापासून स्वतंत्र असलेली क्रमवारी आणि लढवय्याला न्याय्य वाटा, या दोन सुधारणांनी शौकिनाची ठेव सुरक्षित राहील. त्या टाळून केवळ कराराच्या आकड्यांवर समाधान मानणारी संस्था व्याजावर नव्हे, मुद्दलावर जगते आहे. आणि मुद्दल संपल्याची वर्दी कोणताही ठेवीदार आधी देत नसतो.